दोन वर्षे आणि एक दिवस

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी चारही कामगार संहिता देशभर अमलात आल्या आणि १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा शंभर वर्षांच्या वाटचालीनंतर इतिहासजमा झाला. वसाहतकालीन, जुनाट कायद्यांपासून श्रमिकांची सुटका झाली, असा डांगोरा सत्ताधाऱ्यांनी त्या दिवशी पिटला. विरोधकांनी संपावरील निर्बंध, कामगार कपात आणि ठरावीक मुदतीच्या नेमणुका यांवर झोड उठवली. ती उठवणे आवश्यकच होते. परंतु या गदारोळात एका लहानशा कलमाची चर्चा फारशी झाली नाही. कारण त्यात नवे काही नव्हते. जुन्या कायद्याचे दहावे कलम सामाजिक सुरक्षा संहितेत जवळजवळ शब्दशः उतरवून घेतले गेले आहे. अपघाताची नोटीस शक्य तितक्या लवकर द्यावी आणि भरपाईचा दावा अपघातापासून, अथवा मृत्यू झाला असल्यास मृत्यूच्या दिवसापासून, दोन वर्षांच्या आत दाखल करावा, अन्यथा तो विचारात घेतला जाणार नाही, असे ते कलम सांगते. वसाहतकालीन म्हणून जे टाकून द्यायला हवे होते ते नेमके जपून ठेवले गेले.

मुदतीचा प्रश्न हा वकिलांच्या टेबलावरचा तांत्रिक प्रश्न आहे असे अनेक कार्यकर्त्यांनाही वाटते. म्हणून प्रथम त्यात पणाला काय लागते ते पाहिले पाहिजे. १९२३ च्या कायद्याखाली मृत्यूची भरपाई काढण्याचा हिशोब असा होता : मासिक वेतनाच्या निम्मी रक्कम गुणिले वयानुसार ठरलेला गुणांक. हिशोबासाठी धरावयाच्या वेतनाची कमाल मर्यादा जानेवारी २०२० पासून १५,००० रुपये होती आणि तीस वर्षे वयाचा गुणांक २०७.९८ होता. म्हणजे पंधरा हजार वा त्याहून अधिक मिळवणारा तिशीतला कामगार स्लॅबवरून पडून मेला, तर त्याच्या वारसांचा हक्क १५,५९,८५० रुपयांचा होत असे. ही कोणाची मेहेरबानी नव्हे, हे संसदेने ठरवलेले देणे. दोन वर्षांच्या आत अर्ज गेला तर ते पूर्ण मागता येते. दोन वर्षे आणि एक दिवस उलटला की त्या साडेपंधरा लाखांच्या जागी उशीर माफ करण्याची विनंती उरते. वारसांचा हक्क अधिकाऱ्याच्या मर्जीवर जातो.

आता हाच कायदा मालकाशी कसा वागतो ते पाहावे. १९७५ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाच्या चार न्यायाधीशांच्या पीठापुढे ओरिसातील एका सुताराचे प्रकरण आले होते. चित्रपटगृहात नक्षीकाम करताना पडून त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. भरपाई देय कधी होते, या प्रश्नाचे न्यायालयाने निःसंदिग्ध उत्तर दिले : अपघात होतो त्या क्षणी. आयुक्ताने रक्कम ठरवण्याची वाट पाहण्याचे मालकाला कारण नाही. तत्त्व उत्तम. पण मालकाने दिली नाही तर? महिना उलटल्यावर जुन्या कायद्याप्रमाणे १२ टक्के व्याज, आणि दिरंगाईला सबळ कारण नसेल तर निम्म्या रकमेपर्यंत दंड. म्हणजे मालकाचा उशीर पैशांत मोजला जातो. कामगाराच्या उशिरात त्याचा हक्कच नाहीसा होतो. आणि शासनाचा उशीर? दावा तीन महिन्यांत निकाली काढावा असे २००९ च्या दुरुस्तीने सांगितले. तो तीन वर्षे रेंगाळला तरी त्यावाचून कोणाचे काही अडत नाही. एकाच कायद्यात तीन मुदती आहेत, आणि त्यांपैकी ज्याच्याजवळ ना वकील ना कागद, त्याचीच मुदत तेवढी लोखंडी आहे.

ही मुदत आली कोठून? इंग्लंडमध्ये १८९७ साली पहिला भरपाई कायदा झाला, त्यात दाव्याला सहा महिने दिले होते. नोटीस 'शक्य तितक्या लवकर' द्यावी ही शब्दरचना तिथलीच. १९२३ साली दिल्लीच्या विधिमंडळात कायदा झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला, तेव्हा कामगारांच्या बाजूने ना. म. जोशी यांच्यासारखे मोजकेच सभासद तिथे होते. पुढे मुदत वाढत गेली. १९६२ च्या दुरुस्तीने एका वर्षाची दोन वर्षे झाली. त्यानंतर गेल्या साठाहून अधिक वर्षांत एका दिवसाचीही भर नाही. ज्या इंग्लंडकडून हा साचा घेतला त्याने मात्र १९४८ साली तो मोडून टाकला आणि औद्योगिक इजेची जबाबदारी राष्ट्रीय विम्यावर टाकली. भारतातही प्रा. आडारकरांच्या १९४४ च्या अहवालानंतर १९४८ साली राज्य कर्मचारी विमा कायदा झाला. मालकाशी कज्जा करावा लागू नये, दवाखान्याच्या दारातच इजेची नोंद व्हावी आणि लाभ सुरू व्हावा, ही त्यामागची दृष्टी होती. परंतु ती योजना संघटित कारखान्यांपुरती राहिली. शेतमजूर, बांधकाम मजूर, ऊसतोड कामगार, खाणी-खडी क्रशरवरचे मजूर हे सारे १९२३ च्याच अंगणात उभे राहिले.

दोन वर्षे पुष्कळ झाली, एवढ्यात अर्ज करता येत नाही काय, असा प्रश्न सुशिक्षित माणूस सहज विचारतो. त्याने एकदा ऊसतोड टोळीचे वर्ष डोळ्यांपुढे आणावे. दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालना भागांतून टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि त्या कोयत्यावर मुकादमाने आधीच दिलेली उचल. जानेवारीत रात्रीच्या वेळी ऊस भरताना मोळी घसरते, किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली माणूस सापडतो. तालुक्याच्या दवाखान्यात नोंद होते ती 'पडून लागले' एवढीच. टोळी थांबत नाही, कारण उचल फेडायची आहे. प्रेत गावी पोचवण्याचा खर्च मुकादम करतो आणि तेराव्याला येऊन सांगतो की उरलेली उचल माफ. विधवेला ते उपकार वाटतात. वस्तुतः तिच्या लाखोंच्या हक्कावर त्या क्षणी काही हजारांत पाणी पडलेले असते. भरपाईचा हक्क सोडून देणारा कोणताही करार रद्दबातल आहे, आणि मृत्यूची भरपाई परस्पर वारसांच्या हाती दिली तरी कायदा ती दिली असे मानत नाही, हे कायद्यात लिहून ठेवलेले आहे. पण तिला ते सांगणार कोण? पुढच्या हंगामात तिलाच दुसऱ्या जोडीदाराबरोबर कोयता धरून जावे लागते. तिच्यासाठी दोन वर्षे म्हणजे दोन हंगाम. तिसऱ्या हंगामात कोणी जाणकार भेटला, तर मुदत टळून गेलेली असते.

त्यात मालक कोण हाच प्रश्न. मुकादम म्हणतो, मी तर मजुरांतलाच. वाहतूक ठेकेदार मुकादमाकडे बोट दाखवतो, साखर कारखाना ठेकेदाराकडे. ठेकेदाराच्या मजुराची भरपाई मूळ मालकाकडून मागता येते, त्याने हवी तर नंतर ती ठेकेदाराकडून वसूल करावी, अशी स्पष्ट तरतूद १९२३ च्या कायद्यात होती. तरीही कोणाच्या नावाने अर्ज करायचा हे शोधण्यातच महिने जातात. सहकारी म्हणवणाऱ्या आणि ज्यांच्या संचालक मंडळांवर एकेकाळच्या पुरोगामी चळवळीतली माणसेही बसली आहेत अशा कारखान्यांनी तरी ही बोटे दाखवण्याची रीत सोडायला हवी होती.

शहरात चित्र वेगळे, परिणाम तोच. चाकण, वाळूज, पिंपरी-चिंचवडच्या लहान कारखान्यांत पॉवर प्रेसखाली बोटे जातात. मालक जखमीला खासगी रुग्णालयात नेतो, बिल भरतो, दोन महिने घरी पगार पाठवतो आणि म्हणतो, केस करू नकोस, तुला हलक्या कामावर कायम ठेवतो. कामगार थांबतो. त्याचे थांबणे अविचाराचे नाही. तीन बोटे गेलेल्या माणसाला दुसरीकडे काम कोण देणार? दोन वर्षे सरतात आणि काही दिवसांत कामाचाच आढावा निघून त्याला घरी बसवले जाते. बांधकामावर परांची कोसळून कंबर मोडलेल्या मजुराचे आणखी निराळे. डॉक्टर सांगतात, सळई काढल्यावर अपंगत्वाचा टक्का ठरेल. सळई दीड वर्षाने निघते, दाखल्यासाठी जिल्हा रुग्णालयात आणखी तीन-चार महिने. टक्का हाती येतो तेव्हा मुदत संपत आलेली वा संपलेली असते, कारण कायदा टक्क्यापासून नव्हे, अपघातापासून दिवस मोजतो. दाखला नसतानाही दावा दाखल करता येतो, टक्का नंतर सिद्ध करता येतो, ही साधी गोष्ट त्याला कोणीही सांगितलेली नसते.

आणखी एक सापळा विमा योजना आणि भरपाई कायदा यांच्या मधल्या भिंतीत आहे. विमाधारक कामगाराला भरपाईचा दावा करता येत नाही, त्याचे लाभ विमा महामंडळाकडून; बाकीच्यांनी आयुक्ताकडे जायचे. रचना कागदावर नीटनेटकी आहे. पण ठेकेदाराने पगारातून विम्याची वर्गणी कापली आणि भरलीच नाही, किंवा अपघातानंतर घाईघाईने नाव नोंदवले, तर? कामगार आधी विमा कार्यालयाच्या खेपा घालतो. वर्ष-सव्वा वर्षाने कळते की अपघाताच्या दिवशी तो विमाधारक नव्हता. मग तो आयुक्ताच्या दाराशी येतो. दोन दरवाजांमधल्या ओसरीत त्याची मुदत खर्ची पडलेली असते. बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळाकडून मिळणाऱ्या मदतीबाबतही असाच गोंधळ आहे. मंडळाचा अर्ज भरला म्हणजे भरपाई मागितली, असे गावोगाव समजले जाते. मंडळाची मदत ही मदत आहे. मालकाचे देणे त्याहून स्वतंत्र आहे आणि ते स्वतंत्रपणेच मागावे लागते.

अपघाताच्या बाबतीत निदान एक गोष्ट खरी, की तो झाला हे त्याला कळते. व्यवसायजन्य रोगाचे तसे नाही, आणि मुदतीच्या कलमाचे सर्वांत क्रूर रूप तेथेच दिसते. सिलिका धुळीने फुप्फुसे दगडासारखी होतात त्याला बहुधा दहा-पंधरा वर्षे लागतात. अॅस्बेस्टॉसने होणारा कर्करोग तर तीस-चाळीस वर्षांनी डोके वर काढतो. या रोग्यांसाठी कलमात जे लिहिले आहे ते असे : रोगामुळे कामावर जाणे ज्या दिवशी सलग थांबले तो अपघाताचा दिवस मानावा, आणि काम सोडल्यानंतर दोन वर्षांच्या आत लक्षणे दिसली तर लक्षणे प्रथम आढळली तो दिवस धरावा. काम सोडल्यावर तिसऱ्या वर्षी दम लागू लागला तर काय, याचे उत्तर कलमात नाही. शिवाय तो त्या कामावर ठरावीक सलग काळ असला पाहिजे. खडी क्रशरवर चार महिने, वीटभट्टीवर चार महिने, पावसाळ्यात स्वतःच्या तुकड्यावर, असे ज्याचे आयुष्य, त्याचे 'सलग' कोठून आणायचे? फुप्फुसातली धूळ मात्र सलगच साचत असते.

सर्वोच्च न्यायालयाला हे ठाऊक नव्हते असे नाही. २७ जानेवारी १९९५ रोजी ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राने केलेल्या याचिकेवर निर्णय देताना न्यायालयाने अॅस्बेस्टॉस उद्योगाला आदेश दिला की प्रत्येक कामगाराची आरोग्य नोंद कामाला लागल्यापासून किमान चाळीस वर्षे, अथवा काम सोडल्यापासून पंधरा वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर जपून ठेवावी. रोग इतक्या उशिरा दिसतो म्हणूनच हा आदेश. म्हणजे आरोग्याचा कागद चाळीस वर्षे ठेवायचा, आणि त्या कागदाच्या आधारे हक्क मागायची खिडकी काम सुटल्यापासून दोन वर्षांत बंद करायची. पंचवीस वर्षांनी, २०२० साली संहिता लिहिताना ही विसंगती दूर करणे अवघड नव्हते. ती दूर करावी असे वाटले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

इंग्लंडमध्ये हाच पेच १९६३ साली उभा राहिला. एका पोलाद कारखान्यातील कामगारांच्या फुप्फुसांत धूळ साचली होती. रोग झाल्याचे त्यांना कळले तोवर दाव्याची मुदत उलटून गेली होती. हाउस ऑफ लॉर्ड्सच्या न्यायाधीशांनी अत्यंत नाखुशीने निर्णय दिला की इजा झाली तेव्हाच मुदत सुरू झाली, ती त्यांना माहीत असो वा नसो. कायदा असाच आहे, आमचा इलाज नाही, हा त्या निकालाचा सूर होता. ब्रिटिश संसदेने त्याच वर्षी कायदा बदलला, आणि आज तिथे शारीरिक इजेची तीन वर्षे मोजली जातात ती इजेची व तिच्या कारणाची जाण झाल्यापासून. ज्या देशाच्या कायद्याला आपण वसाहतवादी म्हणून नावे ठेवतो त्याने सहा दशकांपूर्वी जे केले, ते स्वतंत्र भारताच्या नव्याकोऱ्या संहितेत येऊ नये!

भारतात काय घडते याचे उत्तर गोध्रा-बालासिनोरच्या गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत मिळते. मध्य प्रदेशातील अलिराजपूर, झाबुआ, धार या जिल्ह्यांतले आदिवासी तेथे काही महिने मजुरीला जात आणि खोकत घरी परतत. पाठोपाठ माणसे मेली. नेमणूकपत्र नाही, हजेरीपट नाही, मालकाचे नाव पुष्कळांना ठाऊक नाही. भरपाईच्या कायद्याची चौकट त्यांच्या उपयोगी पडली नाही; राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला लक्ष घालावे लागले. आयोगाने २०१० साली २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये गुजरात सरकारने द्यावेत अशी शिफारस केली, आणि ती रक्कम देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २०१६ साली द्यावा लागला. शिफारशीपासून आदेशापर्यंत सहा वर्षे. या सहा वर्षांबद्दल सरकारला कोणी 'मुदतबाह्य' म्हटले नाही. राजस्थानने २०१९ च्या धोरणात रोगाचा दाखला मिळताच तीन लाख आणि मृत्यूनंतर वारसांना दोन लाख देण्याची सोय केली. त्यासाठी मालक शोधून त्याच्यावर दावा लावण्याची अट नाही. रक्कम तुटपुंजी आहे, परंतु दिशा बरोबर आहे. दगडखाणी, क्रशर, ओतकाम आणि काचकाम असलेल्या महाराष्ट्राने त्या वाटेने जाण्यास काय हरकत आहे?

मुदतीच्या बाजूने काहीच म्हणण्यासारखे नाही, असे मात्र नाही. कालांतराने साक्षीदार पांगतात, कागद गहाळ होतात, खोटे दावे उभे राहू शकतात; प्रतिपक्षाला कायमचे टांगते ठेवणे न्याय्य नव्हे. कायदा जागणाऱ्याला मदत करतो, झोपणाऱ्याला नव्हे, हे रोमन काळापासूनचे वचन त्यासाठी सांगतात. सामान्य दिवाणी व्यवहारात हा युक्तिवाद खरा आहे. दोन व्यापाऱ्यांच्या तंट्यात दोघांजवळही वह्या असतात. परंतु कामावरच्या अपघातात वही एकाजवळच असते. हजेरीपट मालकाचा, अपघात नोंदवही मालकाची, यंत्राची दुरुस्ती कधी झाली याची नोंद मालकाची. गंभीर इजा वा मृत्यूचा अहवाल सात दिवसांत आयुक्ताकडे पाठवण्याचे बंधन १९२३ च्या कायद्याने मालकावरच घातले होते. त्याने तो पाठवला असेल तर पुरावा नाहीसा होण्याचा प्रश्नच नाही. पाठवला नसेल, तर स्वतःच्याच गुन्ह्याचा लाभ त्याला मुदतीच्या रूपाने मिळतो. २०१७ साली दुरुस्ती करून, नोकरीवर घेतानाच कामगाराला त्याच्या भरपाईच्या हक्काची लेखी माहिती त्याच्या भाषेत देण्याची सक्ती मालकावर केली गेली आणि दंडाची रक्कम किमान पन्नास हजारांवर नेली गेली. महाराष्ट्रातल्या किती नाक्यांवर, किती साइटवर मराठी वा हिंदीतला असा कागद मजुराच्या हाती पडला, हे कार्यकर्त्यांनीच आपापल्या भागात विचारून पाहावे. ज्याला जागे करण्याचे काम कायद्याने दुसऱ्यावर सोपवले होते आणि त्या दुसऱ्याने ते केले नाही, त्याला झोपलेला म्हणता येत नाही.

उशीर माफ करण्याचा अधिकार कायद्यात आहे, मग तक्रार कशाची, असेही विचारले जाईल. पुरेसे कारण दाखवले तर मुदतीनंतरचा दावाही घेता येतो, हे खरे, आणि अनेक अधिकाऱ्यांनी तो अधिकार उदारपणे वापरलाही आहे. उशिराकडे कोरडेपणाने पाहू नये, तांत्रिकतेपेक्षा न्यायाला महत्त्व द्यावे, असे सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा १९८७ चा निर्णय वकील नेहमी पुढे करतात. तो निर्णय वाचताना एक गंमत लक्षात येते. तिथे उशीर झाला होता सरकारलाच, भूसंपादनाची वाढीव भरपाई देण्याविरुद्ध अपील करायला, आणि तोही चार दिवसांचा. सरकारचे चार दिवस माफ करताना घडलेले तत्त्व मजुराच्या विधवेच्या चार महिन्यांना लागू करून घेण्यासाठी तिला पुन्हा वकील लावावा लागतो. शिवाय माफी मिळाली तरी तेवढ्याच मुद्द्यावर वरच्या न्यायालयात जाता येते. मालकाला वर्ष-दोन वर्षे मिळतात आणि तेवढ्यात पुष्कळदा तडजोड होते. विधवा निम्म्यावर सही करते.

संसदेला मुदत काढून टाकता येत नाही असेही नाही. मोटार अपघातांच्या दाव्यांना १९८८ च्या कायद्याने सहा महिने दिले होते आणि उशिराची माफीही बारा महिन्यांपलीकडे नव्हती. माणसे हक्कांना मुकतात हे दिसल्यावर १९९४ साली ती मुदतच काढून टाकली गेली. पुढची सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे रस्त्यावर मेलेल्या माणसाच्या वारसांना मुदतीची धास्ती नव्हती, आणि तेवढ्याने न्यायाधिकरणे काही कोसळून पडली नाहीत. मग २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत पुन्हा आणली गेली, ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. ती कोणाच्या सोयीसाठी आणली हे विमा कंपन्यांकडे पाहिले की समजते. त्याच वाऱ्यात कामगार संहिता लिहिली गेली, म्हणून दोन वर्षांची दीड झाली नाहीत याचेच समाधान मानावे की काय, असे कोणी उपहासाने म्हणेल.

मागणी काय असावी, हे वरील विवेचनातून पुरेसे स्पष्ट आहे. मालकाचा मृत्यूचा वा गंभीर इजेचा अहवाल हाच दावा समजून सक्षम प्राधिकाऱ्याने स्वतः चौकशी सुरू करावी. जुन्या कायद्यात मालकाने जबाबदारी नाकारल्यास वारसांना 'तुम्ही दावा करू शकता' असे कळवण्याची मुभा तेवढी होती, ती पुरेशी नाही. मालकाने अहवाल दिला नाही आणि कामगाराला हक्काची लेखी माहिती दिली नाही, तोवर मुदत सुरूच होऊ नये. रोगाच्या बाबतीत रोग आणि काम यांचा संबंध सांगणारा लेखी दाखला हाती आल्यापासून काळ मोजावा आणि काम सोडल्यानंतरची दोन वर्षांची अट पुसून टाकावी. यांतल्या शेवटच्या दोन गोष्टींसाठी संहितेत दुरुस्ती लागेल, ती संसदेतच व्हावी लागेल. पहिलीचा बराचसा भाग मात्र राज्य सरकारला आपल्या नियमांत आणि प्रशासकीय आदेशांत आणता येण्यासारखा आहे. त्यासाठी मुंबईत मोर्चा काढण्याइतकेच, नियमांच्या मसुद्यावर लेखी हरकती पाठवणेही महत्त्वाचे आहे. हरकतींचे काम रुक्ष आहे. चळवळीने ते नेहमीच वकिलांवर सोडले आणि मालकांच्या संघटनांनी कधीच सोडले नाही.

कायदा बदलेपर्यंत आहे त्या कायद्यात माणसे वाचवावी लागतील. येथे कार्यकर्त्यांनी नोटीस आणि दावा यांतला फरक मनात पक्का ठेवावा. मालकाला अपघाताची माहिती होती, किंवा कामाच्या जागीच मृत्यू झाला, तर लेखी नोटीस नसल्याने अडत नाही. परंतु मालकाला माहीत होते एवढ्याने दावा दाखल झाला असे होत नाही. कंपनीला दिलेला अर्ज, आमदाराला दिलेले निवेदन, पोलिसांतली फिर्याद, युनियनने केलेली बोलणी यांपैकी काहीही दावा नव्हे. दावा प्राधिकाऱ्यापुढेच लागतो. अपघात कळताच त्याच आठवड्यात साध्या कागदावर नोटीस लिहून स्पीड पोस्टने पाठवावी, पावती जपावी. रुग्णालयात नोंद करताना 'कामावर असताना' हे शब्द आणि कामाचे ठिकाण लिहून घ्यावे. पुढे सगळ्या खटल्याचा भार त्या एका ओळीवर येतो. टक्क्याचा दाखला, वारसा दाखला यांची वाट न पाहता दावा लावावा. मजूर परगावचा असेल तर तो आता राहतो त्या जिल्ह्यातही दावा करता येण्याची सोय १९९५ च्या दुरुस्तीने झाली होती. अपघात कर्नाटकातल्या कारखान्यावर झाला म्हणून बीडच्या विधवेला तिकडे हेलपाटे घालायला लावू नये.

आणि मुदत टळून गेलेल्यांना परत पाठवू नये. युनियनच्या कार्यालयात 'आता काही होणार नाही' हे वाक्य फार सहज उच्चारले जाते, आणि पुष्कळदा ते ऐकूनच माणूस कायमचा थांबतो. उशीर का झाला हे तारीखवार सांगणारा अर्ज, उपचाराचे कागद, विमा कार्यालयाशी झालेला पत्रव्यवहार, मालकाने दिलेली आश्वासने आणि ती ऐकलेल्या दोघा सहकाऱ्यांची शपथपत्रे इतके जोडले तर उशिरा आलेला दावाही उभा राहू शकतो. मालकाने सात दिवसांत अहवाल दिला होता काय, ही माहिती माहितीच्या अधिकारात मागून अर्जासोबत लावावी. नसेल दिला, तर उशिराचे अर्धे कारण मालकाच्याच पदरात पडते. गाळप हंगाम संपवून टोळ्या एप्रिलपर्यंत गावी परततात. तालुका शाखांनी त्या आठवड्यांत वस्त्यांवर जाऊन या हंगामात आणि मागच्या दोन हंगामांत कोण जखमी झाले, कोण परत आलेच नाही, याची नावे व तारखा लिहून घ्याव्यात, आणि ज्यांची दोन वर्षे येत्या पावसाळ्यात भरत आहेत त्यांचे अर्ज आधी हाती घ्यावेत.